वहीत न आलेलं डिझेल

माझ्या कपाटात बावीस वर्षांच्या वह्या आहेत. सगळ्या एकाच जातीच्या, लाल कापडी पाठीच्या, आणि प्रत्येक पानावर तेच रकाने: तारीख, गाडी नंबर, माल, टन, कुठून कुठे, भाडं. जळगाव एमआयडीसीत गाड्या लावायच्या कामाला मी चोविसाव्या वर्षी लागलो. सुरुवातीला डाळ, मग पीव्हीसी पाइप आणि चटया, आणि गेली सात-आठ वर्षं त्यांच्या जोडीला रावेर पट्ट्यातली केळी. घर मेहरूणला. सकाळी तलावाला चक्कर मारून घरी येतो तोवर पहिला फोन वाजलेला असतो, आणि तो गाडीवाल्याचाच असतो.

दर मार्चअखेर मी वहीतून एक आकडा काढायचो. एक टन माल एक किलोमीटर न्यायला सरासरी किती पैसे पडले, हा तो आकडा. गेल्या सालापेक्षा तो खाली आला की वर्ष सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. वाहतुकीतली बचत म्हणजे भाड्यातली बचत, याविषयी मला शंका नव्हती. पर्यावरण हे परदेशी गिऱ्हाइकाचं प्रकरण, असं मी धरून चाललो होतो. बैठकीत कुणी धुराचा विषय काढला तर मी उठून सांगायचो, खान्देशातला शेतकरी अजून केळीच्या भावासाठी भांडतोय, त्याच्या डोक्यावर हे नवं ओझं टाकू नका. हे मी मनापासून बोलायचो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते बदलायला एक फॉर्म कारण झाला, म्हणून सुरुवात त्या फॉर्मपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी एका परदेशी खरेदीदाराने केळीच्या प्रत्येक खेपेसोबत एक कागद भरून मागायला सुरुवात केली. शेतापासून बंदरापर्यंत किती डिझेल लागलं, ते लिटरमध्ये लिहा. मला राग आला. भाव पाडून मागतात आणि वर हिशेबही मागतात, असं मी चारचौघांत बोललो. तरी फॉर्म भरला. रावेर ते न्हावा-शेवा सुमारे पाचशे किलोमीटर, भरल्या ट्रेलरचं ॲव्हरेज साडेतीन, म्हणजे १४३ लिटर. पाठवून दिलं. चार दिवसांनी कागद परत आला, खाली एकच प्रश्न: गाडी रावेरला कुठून आली होती?

गाडी न्हावा-शेव्याहूनच आली होती, रिकामी. केळीला रीफर लागतो, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर. तो जळगावात मिळत नाही. बंदरावरून मोकळा उचलायचा, कसारा चढवायचा, नाशिक, धुळे, जळगाव करत रावेरला आणायचा, भरायचा आणि त्याच वाटेने खाली न्यायचा. मी भाडं द्यायचो ते अर्थातच दोन्ही फेऱ्यांचं. पण वहीत मी ‘रावेर ते न्हावा-शेवा’ एवढंच लिहायचो. येतानाचे पाचशे किलोमीटर माझ्या बावीस वर्षांच्या एकाही वहीत नाहीत.

मी पुन्हा मांडणी केली. रिकामी गाडी साडेचारचं ॲव्हरेज देते असं धरलं तरी येतानाचे १११ लिटर. कंटेनरचा जेनसेट, म्हणजे त्याला थंड ठेवणारा डिझेल जनरेटर, तासाला दोन-तीन लिटर पितो. भरल्यावर पंधरा तासांचा प्रवास, त्याचे सदतीस-अडतीस. आणि भरण्याआधी गाडी पॅकहाऊसच्या दारात उभी होती, जेनसेट चालू ठेवून, नऊ तास. त्याचे आणखी बावीस. बेरीज तीनशे तेराच्या घरात गेली. १४३ च्या जागी ३१३. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका खेपेचा जवळजवळ साडेआठशे किलो. कंटेनरमध्ये तेरा किलोची दीड हजारावर खोकी बसतात. एका खोक्यामागे पाचवा हिस्सा लिटर डिझेल, आणि अजून खोकं जहाजावर चढलेलंही नाही.

आकड्यापेक्षा त्या नऊ तासांनी मला जास्त छळलं. मी ती वेळ पाहायला मुद्दाम रावेरला गेलो.

पॅकहाऊसवरचं काम पहाटे सुरू होतं. कापणीवाले घड जमिनीला टेकू देत नाहीत. खांद्यावर फोमची गादी, तिच्यावर घड, आणि बांधापर्यंत जवळजवळ पळतच यायचं. शेडमध्ये बायका दांड्यावरून फण्या उतरवतात. कापलेल्या जागेतून पांढरा चीक गळत राहतो, तो सालीवर पडला की काळा डाग, म्हणून फण्या लगेच पाण्याच्या हौदात आणि मग तुरटीच्या पाण्यात. पुसायच्या, तोलायच्या, पिशवीत घालून खोक्यात बसवायच्या. पहिलं खोकं कंटेनरमध्ये चढायला दुपारचे दोन वाजतात. आणि गाडी पहाटे पाचपासून उभी. का? कारण मी तिला पाचला बोलावलेली. गाडी दारात असली की मला झोप लागायची. तिला उभं ठेवायचे पैसे लागत नव्हते. हॉल्टिंग चोवीस तासांनंतर, असा करार मीच घासाघीस करून मिळवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी ट्रेलरच्या सावलीत चालक पथारी टाकून पडला होता. डोक्याशी जेनसेटची घरघर. सावली सरकली की तोही पथारी सरकवायचा. मी तिथे होतो तेवढ्यात त्याने ती तीनदा सरकवली. वरणगावचा माणूस, घर तिथून तासाभरावर. आदल्या रात्री धुळ्याला न थांबता गाडी हाणली होती, पाचला पोचायचं म्हणून.

जळगावला परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझी वही खोटी नव्हती. तिच्यातला एक रुपया चुकलेला नव्हता. पण जे मी भरत नव्हतो ते तिच्यात येतच नव्हतं. चालकाचे नऊ तास माझ्या वहीत शून्य. ट्रकमालक दिल्लीहून रिकामा परतला तर शून्य. माल वाटेत पिकला आणि शेतकऱ्याला तूट बसली तर तीही शून्य. मी बावीस वर्षं ज्याला बचत म्हणत होतो, त्यातला बराच भाग मी फक्त दुसऱ्याच्या खिशात ढकलला होता. रुपयांत मांडलं तर हे ढकलणं दिसत नाही, कारण रुपया ज्याच्या खिशातून जातो त्याच्याच वहीत उमटतो. लिटरचं तसं नाही. डिझेल कुणीही भरलेलं असो, जळतं तेवढं जळतंच.

मग मला जुन्या वह्या उघडायचा धीर झाला. एका मे महिन्याचं पान शोधायला गेलो, कारण तिथे काय लिहिलंय ते मला चांगलं आठवत होतं. त्या महिन्यात दिल्लीला केळीचा एक ट्रक फार स्वस्तात मिळाला होता. स्वस्त अशासाठी की त्याला वाटेत आणखी दोन ठिकाणी दुसरा माल चढवायचा होता. मी होकार दिला. ताडपत्री टाकलेली, बाहेर खान्देशातला मे, आणि ट्रक ठरल्या वेळेच्या जवळजवळ दिवसभर उशिरा पोचला. केळी तोडल्यावरही श्वास घेत असते आणि त्यातून उष्णता सोडते. एक फणी पिकायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या एथिलीनने शेजारची पिकते, आणि बंद गाडीत हे वणव्यासारखं पसरतं. नवतीचा चांगला माल वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेला. मला निंभोऱ्याकडच्या आबांचा फोन आला होता: “भाऊ, गाडी सस्ती भेटली म्हनता, मंग माह्या केयीचं काय झालं?” मी त्यांना हवामानाचं कारण दिलं होतं.

वहीत ती फेरी त्या महिन्यातली सर्वांत कमी भाड्याची फेरी आहे. तिच्यापुढे मी लाल शाईने बरोबरची खूण केलेली आहे. ती खूण पाहून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नासलेल्या केळीचा हिशेब नुसता पैशांचा नसतो. बारा-तेरा महिने ठिबकने दिलेलं पाणी, खतं, विजेवर उपसलेली विहीर, वर अकराशे किलोमीटरचं डिझेल, हे सगळं त्या घडात भरलेलं असतं. तो दिल्लीच्या उकिरड्यावर गेला की हे सगळं त्याच्यासोबत जातं. म्हणून आता मला असं वाटतं की केळीसाठी सर्वांत कमी धूर करणारी वाट म्हणजे ज्या वाटेने केळी धड पोचते ती. कधी ती लांबची असते.

माझी मुलगी पुण्याला इंजिनिअरिंग शिकली. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने मला माझ्याच धंद्याचा इतिहास सांगितला, जो मला ठाऊक नव्हता. गाड्या कोणत्या क्रमाने कुठे पाठवायच्या, या प्रश्नाला गणितात पहिल्यांदा बांधलं ते जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी, १९५९ साली. त्यांच्यासमोर पेट्रोलचे टँकर होते. एका डेपोतून अनेक पंपांना माल पोचवायचा आणि सगळ्या गाड्यांचे मिळून मैल कमीत कमी व्हायला हवेत. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी एक सोपी युक्ती दिली: दोन ठिकाणांना दोन वेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी ती एका फेरीत जोडली तर किती वाचतं ते प्रत्येक जोडीसाठी काढा, आणि ज्या जोडीत जास्त वाचतं ती आधी जोडा. हे मी निंभोरा-तांदलवाडीच्या पॅकहाऊसेसच्या बाबतीत वर्षानुवर्षं अंदाजाने करत आलो होतो. अंदाजाने करायचं कारण असं की नुसते दहा थांबे असले तरी ते ३६ लाख २८ हजार ८०० क्रमांनी घेता येतात. कुणाच्याही डोक्यात ते मावणार नाहीत.

आम्ही पुढे यासाठी संगणकाचा प्रोग्रॅमही घेतला होता आणि त्यावर माझा फार जीव होता. त्याने किलोमीटर खरंच कमी केले. पण मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याला किलोमीटर आणि भाडं कमी करायला सांगितलं, त्याने तेच केलं. तास कमी कर, रिकाम्या फेऱ्या कमी कर, असं कधी सांगितलंत?” सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी रकाना होता. तो आम्ही रिकामा सोडला होता.

किलोमीटर कमी म्हणजे डिझेल कमी, हेही दर वेळी खरं नसतं. चाळीसगावपुढच्या कन्नड घाटात जड वाहनांना बंदी आली तेव्हा मी खूप बोललो होतो, कारण आमच्या दक्षिणेकडच्या गाड्यांना वळसा पडला. नंतर चालकांकडून टाकी-ते-टाकी मोजून घेतलं. भरली गाडी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढायची आणि एखादी पुढे बंद पडली की चार-चार तास इंजिन चालू ठेवून उभी राहायची. अशा दिवसाच्या तुलनेत वळशाच्या सपाट रस्त्याला डिझेल कमी लागलेलं निघालं. नकाशावर मात्र घाटच जवळचा.

आता रेल्वेविषयी. इथे माझी चूक जरा जुनी आणि हट्टाची आहे.

सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं आमच्याकडे केळीच्या वॅगनींसाठी ओळखली जायची. जुनी माणसं त्या दिवसांच्या आठवणी काढायची आणि मी, ट्रकवाल्यांत वाढलेला, ते म्हातारपणाचं बोलणं समजायचो. मग २०२० आलं. टाळेबंदीत गाड्या अडकल्या, चालक गावी निघून गेले. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल सुटली. जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर करत गेली. ऑक्टोबरपासून फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. पुढे रावेर-सावद्याहून दिल्लीच्या आदर्श नगरला केळीचे डबे भरून गेले. एका पार्सल डब्यात २३ टन. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो की हे सवलतीचं सोंग आहे, सवलत गेली की माल ट्रकवर परत येईल. सवलत थांबली आणि बराच माल ट्रकवर परत आला. मी म्हटलं, बघा.

त्या ‘बघा’ची मला आज लाज वाटते. रेल्वेची सवलत कागदावर लिहिलेली होती म्हणून ती सगळ्यांना दिसली. ट्रकलाही सवलत होतीच. ती चालक देत होता, झोप मोडून. ट्रकमालक देत होता, मिळेल त्या भाड्यात परतीचा माल उचलून. ओव्हरलोड गाड्यांनी खचलेला रस्ता देत होता. ती कुठल्या सरकारी आदेशात नव्हती, म्हणून मी ट्रकचा भाव खरा आणि रेल्वेचा खोटा ठरवून मोकळा झालो. लिटरमध्ये मांडलं तर तुलनाच होत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरायला डांबरावरच्या रबरी टायरच्या मानाने फार थोडी ताकद लागते, आणि आमच्या भुसावळवरून जाणारी गाडी विजेवर चालते. दिल्लीपर्यंतच्या अकराशे किलोमीटरला हा फरक किरकोळ नाही.

तरी माल रेल्वेवरून का उतरला, हेही मी स्टेशनावर उभं राहून पाहिलं आहे. बागेतून स्टेशनापर्यंत एक गाडी, तिथे हमाली, डबा लागायची वाट, पोचल्यावर पुन्हा हमाली, पुन्हा गाडी. दोन वेळा जास्तीचा हात लागला की केळीला दोन वेळा जास्तीचा मार. उन्हात फलाटावर पडलेला घड सवलतीच्या पैशाने थंड होत नाही. माझं मत विचाराल तर भाड्यातल्या निम्म्या सवलतीइतकंच महत्त्व दोन गोष्टींना द्यायला हवं होतं: कापणीच्या दिवशी डबा लागेल याची हमी, आणि लोडिंगच्या जागी चांगली सावली. हे मी आता जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. उत्तरेकडचा मोठा माल असेल आणि डबा त्या दिवशी मिळत असेल, तर मी आधी रेल्वेला विचारतो. आखाताचा माल कंटेनरनेच जातो, तिथे रेल्वेची आशा मी सध्या धरत नाही.

समुद्रावरही तेच गणित मोठ्या आकारात दिसतं. जहाजाचा वेग दहा टक्के कमी केला तर त्याच प्रवासाला इंधन जवळजवळ एकोणीस टक्के कमी लागतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, मग सगळी जहाजं हळू का नाही चालवत? पण आमच्या कंटेनरमधली केळी साडेतेरा अंशांवर श्वास घेत पडलेली असते. प्रत्येक जास्तीच्या दिवशी रीफरला वीज लागते आणि केळीचा एक दिवस कमी होतो. पाइपाला जो वेग परवडतो तो केळीला परवडेलच असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून नेदरलँडला समुद्रमार्गे केळीचा प्रायोगिक कंटेनर गेला, आणि त्याच महिन्यात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली; दहा-चौदा दिवसांची भर. आमचा दुबई-इराककडचा माल त्या वाटेने जात नाही, तरी झळ लागलीच, कारण जगभरचे कंटेनर जास्त दिवस पाण्यावर अडकले की न्हावा-शेव्याला मोकळा कंटेनर मिळायला वेळ लागतो. १ जानेवारी २०२४ पासून युरोपने आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या धुराचे पैसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे लिटरचे रुपये व्हायला लागले आहेत. जे माझ्या वहीत येत नव्हतं ते जहाज कंपन्यांच्या वहीत येऊ लागलं आहे.

मी काय बदललं ते सांगतो. सगळं जमलेलं नाही.

एमआयडीसीत पाइप आणि चटयांसाठी कच्चा माल बंदरावरून कंटेनरने येतो. तो उतरवून घेतला की मोकळा कंटेनर परत बंदराला. त्याच आठवड्यात चटया निर्यात करायच्या म्हणून बंदरावरून दुसरा मोकळा कंटेनर वर मागवायचा. वह्या समोर ठेवून तारखा जुळवल्या तेव्हा लक्षात आलं की कित्येकदा हे दोन मोकळे कंटेनर कसारा घाटात एकमेकांसमोरून गेलेले असणार, एक खाली चाललेला, एक वर येणारा. आणि दोन्ही गाड्या मीच लावलेल्या. वेगळ्या पानांवर होत्या, म्हणून कधी शेजारी आल्या नाहीत.

पहिला कंटेनर जुळवायला मला अकरा दिवस लागले. जहाज कंपनीची परवानगी हवी, कंटेनर धुऊन तपासून हवा, आकार तोच हवा, आणि आयात करणारा नि निर्यात करणारा वेगळे असले तर दोघांना एका वेळेवर आणायचं. माझ्या मालकांनी विचारलं, एवढ्या फोनांची किंमत धरलीस का? धरली होती. दोन रिकाम्या फेऱ्या वाचल्या, मिळून आठशेच्या वर किलोमीटर, आणि त्यात भाडंही वाचलं. इथे रुपया आणि लिटर एका बाजूला होते. दर महिन्याला आता काही कंटेनर असे जुळतात.

हे करताना वडिलांची आठवण येत राहिली. मेहरूणची बोरं एके काळी दूरवर नावाजलेली. आमचीही सात-आठ झाडं होती, आज तिथे प्लॉट पडलेत. वडील सायकलच्या मागे बोराची पाटी बांधून बाजारात जायचे आणि येताना त्याच कॅरिअरवर सरकी ढेपेचं पोतं असायचं. ढेप घ्यायची नसेल त्या दिवशी ते बोरं तोडायचेच नाहीत, एक दिवस थांबायचे. लहानपणी मला ती चिकाटी कंजूसपणा वाटायची.

पाइपाचंही थोडं बदललं. पाइपाच्या गाडीत वजन भरायच्या आधी जागा भरते, आपण बरीचशी हवाच वाहतो. मोठ्या पाइपात लहान, त्यात आणखी लहान, असे घालून पाठवायची रीत जुनीच आहे, पण ऑर्डर वेगवेगळ्या दिवशी निघाल्या की ती मोडते. आता आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो, दोन दिवस थांबाल का? बहुतेक जण थांबतात. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

रीफरची रिकामी चढण तशीच आहे. केळीच्या आधी त्यातून वर काय आणावं, याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान उभं राहणं तरी कमी करता आलं. पॅकहाऊसवरून आदल्या रात्री नऊला फोन येतो, किती घड येणार, पहिलं खोकं कधी तयार होईल, आणि मगच मी गाडीची वेळ सांगतो. हॉल्टिंग आता चार तासांनंतर सुरू होतं. हा बदल करून घेताना माझ्याच मालकांशी वाजलं. त्या वर्षीचा माझा मार्चचा आकडा वर गेला. मी तो तसाच मालकांपुढे नेऊन ठेवला आणि शेजारी दुसरा ठेवला, वाटेत खराब झालेल्या मालाचा. तो खाली आला होता.

फॉर्म मागणाऱ्या खरेदीदारालाही मी लिहिलं की लिटर मोजायचे असतील तर हॉल्टिंगचा वाटा तुम्हीही उचला. नुसता हिशेब मागून धूर कमी होत नाही. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मी दर खेपेला फॉर्मच्या तळाशी ती ओळ लिहितो. धुराचं ओझं शेतकऱ्यावर टाकू नका, हे माझं जुनं वाक्य मी त्यांच्यापुढे आजही म्हणतो. फरक एवढाच की तेव्हा ते ओझं आधीच शेतकऱ्यावर होतं आणि ते टाकणाऱ्यांत मी होतो, हे मला दिसलं नव्हतं.

नव्या वहीत मी तीन रकाने हाताने आखले आहेत: रिकामे किलोमीटर, उभे तास, पोचल्यावरचा माल. छापील वहीत जागा नाही म्हणून अक्षर बारीक काढावं लागतं. आबांना मी गेल्या दिवाळीत भेटून आलो आणि त्या मे महिन्याचं खरं कारण सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बागेत घेऊन गेले आणि नवीन लावणी दाखवली.

उद्या रावेरची गाडी आहे. ट्रेलर आज संध्याकाळी भुसावळच्या अलीकडे येऊन थांबला, तोच वरणगावचा चालक. रात्री दहाला त्याला फोन करून सांगितलं, पहाटे निघू नका, साडेबाराला पॅकहाऊसवर पोचा, त्याआधी खोकी तयार होत नाहीत.

“साडेबारा पक्कं ना भाऊ?”

“पक्कं.”

“मंग घरी जातो. पोराला शाळेत सोडून येतो.”